आधी ब्रेक, मग वेग : सर्किटवर गाडी शिकू पाहणाऱ्यांसाठी

खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला वेगाचं आकर्षण वाटलं नाही तरच नवल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथून जातो, बोरघाटाची वळणं इथूनच सुरू होतात, आणि सुटीच्या दिवशी पहाटे मुंबईहून निघालेल्या महागड्या गाड्या नि मोटारसायकली आपल्याच डोळ्यांसमोरून घाटाकडे जातात. कुंभिवलीसारख्या गावांच्या आसपास कारखाने आले, घरात पगार आला, दारात गाडी आली. आजची साधी हॅचबॅकसुद्धा वीस वर्षांपूर्वीच्या गाडीपेक्षा कितीतरी जोरकस असते. ती ताकद एकदा पूर्ण वापरून बघावी असं वाटणं यात काही गैर नाही. पण ती हौस सावरोली-खारपाडा रस्त्यावर, खोपोलीच्या बाहेर किंवा घाटात भागवायची नाही. तिथे समोरून कंटेनर येतो, कडेनं शाळेची मुलं चालत असतात, वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक उभा असतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंड ही यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. रस्त्यावर तुमच्या चुकीची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो, हे खरं कारण.

या हौसेसाठी वेगळी जागा असते. सर्किटवर सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात. चौक नाही, गुरं नाहीत, दुभाजक नाही. वळणाच्या बाहेर गाडी घसरली तर थांबायला मोकळी जागा ठेवलेली असते. ठरावीक अंतरावर झेंडे घेतलेले मार्शल असतात आणि रुग्णवाहिका तयार असते. एवढी व्यवस्था असल्यामुळेच तिथे शिकता येतं, कारण शिकणं म्हणजे मर्यादेच्या जवळ जाऊन परत येणं. मी हौशी माणूस आहे, स्पर्धक नाही. सर्किटवर शिकताना जे कळलं आणि जे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिले दिवस अधिक सत्कारणी लागले असते, ते इथे सांगतो आहे.

जायचं कुठे, हा पहिला प्रश्न. आपल्याला सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे घाट चढून तळेगावच्या बाजूला नानोली इथला नानोली स्पीडवे. कोल्हापुरात मोहिते कुटुंबानं उभा केलेला रेसिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कोल्हापूरला कुस्ती आणि फुटबॉलच्या जोडीनं रेसिंगचीही परंपरा तयार झाली आहे, आणि तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेपर्यंत पोचला, तो अशाच कार्टिंगमधून. त्यापुढची पायरी म्हणजे दक्षिणेतली दोन जुनी सर्किटं. कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे लांबीला साधारण २ किलोमीटर. फॉर्म्युला मारुती ही परवडणारी देशी रेसिंग गाडी घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावानं तो आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट १९९० पासून चालू आहे, लांबी ३.७ किलोमीटर. या दोन्ही ठिकाणी रेसिंग स्कूलमध्ये एकाच आसनाच्या, उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाडीत बसून शिकता येतं. गाडीही स्कूलचीच असते. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तिथे फॉर्म्युला वन झाली. लांबलचक सरळ पट्टा आणि प्रचंड वेग असलेलं ते सर्किट पहिल्या दिवसासाठी मी कुणालाही सुचवणार नाही. छोटं, वळणावळणाचं सर्किट अधिक शिकवतं; वेग कमी राहतो आणि दर मिनिटाला नवं वळण येतं.

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाचे कार्यक्रम होतात, तिथे आपल्या भागातले बरेच जण जातात. बघायला मजा येते. पण सरळ पट्टीवर गाडीची ताकद कळते, चालवणाऱ्याचं कौशल्य फारसं वाढत नाही. वळण नाही तिथे शिकण्यासारखं थोडंच असतं.

वय उलटून गेलं, आता काय शिकणार, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डायना पुंडोले यांच्याकडे बघावं. त्या शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये जेके टायरच्या महिलांसाठीच्या निवड उपक्रमातून त्या रेसिंगमध्ये आल्या. २०२४ मध्ये चेन्नईच्या सर्किटवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेतलं सलून (म्हणजे बंद, साध्या कारच्या) गटाचं विजेतेपद त्यांनी मिळवलं. पुरुष आणि स्त्रिया एकत्र धावतात अशा राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्या ठरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. लहानपणापासून कार्टिंग केलेल्या मुलांशी त्यांची स्पर्धा होती. सगळ्यांना असं यश मिळणार नाही, पण शिकायला उशीर झालेला नसतो एवढं यातून नक्की कळतं.

पहिली पायरी कार्टिंगचीच ठेवा. गो-कार्ट म्हणजे खेळणं असा समज आहे, तो सोडून द्या. कार्टला स्प्रिंग नसतात, भाड्याच्या कार्टला गिअर नसतात आणि ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतो. त्यामुळे चुकीच्या वेळी ब्रेक दाबला की शेपूट लगेच फिरतं आणि कारण तिथल्या तिथे कळतं. वळणात कुठून शिरायचं, कुठे आतल्या कडेला यायचं, कधी सोडायचं, हे कार्टवर एका दुपारी जेवढं उमगतं तेवढं गाडीत महिनाभर उमगत नाही. खर्चही गाडीच्या मानानं फार कमी. घरात वेगाची ओढ असलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर चावी लपवून ठेवण्यापेक्षा त्यांना कार्टिंगला घेऊन जा. वेग ही मेहनतीनं कमवायची गोष्ट आहे हे त्यांना तिथे घड्याळ दाखवेल, तुम्हाला बोलावं लागणार नाही.

आता स्वतःची गाडी घेऊन ट्रॅक डेला, म्हणजे सर्किट हौशींसाठी खुलं असतं आणि ठरावीक वेळेच्या सेशनमध्ये फेऱ्या मारता येतात अशा दिवशी, जायचं ठरवलंत असं धरू. तयारीत सगळ्यात जास्त लक्ष ब्रेककडे द्या. हा लेख वाचून एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. साधारण १,२०० किलोची गाडी ताशी १२० वरून ६० वर आणायची तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात दीड लिटर साधं पाणी उकळीला येईल. ही एका वळणाची गोष्ट. सर्किटवर तसं एका फेरीत चार-पाच वेळा करायचं आणि फेऱ्या मात्र थांबत नाहीत. रस्त्यावर ब्रेकला निवायला वेळ मिळतो, इथे मिळत नाही. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसरच असते. नव्या डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल शिरलेल्या त्याच ऑइलचा १५५ अंशांपर्यंत खाली येतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पॅडल थेट खाली जातं. म्हणून ट्रॅकवर जाण्याच्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या, नुसती टॉप-अप नको. पॅड निम्म्याहून जास्त झिजले असतील तर नवे टाका, आणि नवे पॅड रस्त्यावर थोडे चालवून बसू द्या. सर्व्हिस सेंटरमधला माणूस म्हणेल, अजून दहा हजार किलोमीटर जातील. रस्त्यावर जातील, सर्किटवर नाही.

टायर गुळगुळीत नकोत आणि जुनेही नकोत. बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानं कडक होतं आणि पकड कमी होते. थंड टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली हवा भरा, पहिल्या सेशननंतर गरम असतानाच पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढलेला दिसेल. किती कमी करायची ते तिथल्या जाणकाराला विचारून ठरवा. स्वतःचा हवा मोजायचा गेज जवळ असू द्या. चाकांचे नट टॉर्क रेंचनं तपासून घ्या. टाकीत पेट्रोल पाव भागापेक्षा कमी ठेवू नका, कारण लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन अडखळतं. ॲव्हरेज रस्त्यावरच्या निम्म्याहूनही खाली जातं, तेव्हा जवळचा पंप आधीच पाहून ठेवा.

गाडीतल्या सगळ्या सुट्या वस्तू बाहेर काढा. पाण्याची बाटली, चार्जर, डिकीतला जॅक, पायाखालची मॅट, सगळं. सुटलेली बाटली ब्रेक पॅडलखाली गेली तर काय होईल ते सांगायला नको. डॅशबोर्डवरचा गणपतीही नमस्कार करून हलक्या हातानं काढा आणि पिटमध्ये, म्हणजे सर्किटलगत गाड्या थांबतात त्या जागी, बॅगेत नीट ठेवा. चिकटवलेला असला तरी जोरदार ब्रेकला तो सुटतो.

हेल्मेटबद्दल आयोजक नियम सांगतात, ते पाळाच. मोटारसायकलचं चांगलं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट सुरुवातीला बहुतेक ठिकाणी चालतं. पुढे या छंदात राहायचं ठरलं तर कार रेसिंगसाठीचं घ्या, त्याचं अस्तर आग लवकर न पकडणारं असतं. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळव्याचे. जाड सोलचे स्पोर्ट्स शूज घातले तर पॅडलचा अंदाज येत नाही. सँडल आणि चपला नकोतच.

सर्किटवर उतरण्याआधी आसनाची बैठक लावा. आपल्याकडे बरेच जण सीट मागे रेलून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून चालवतात. तसं बसलं तर जोरात ब्रेक दाबताच येत नाही, कारण पायाला आधार मिळत नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. दोन्ही खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. डावा पाय क्लचच्या शेजारच्या फूटरेस्टवर घट्ट रोवा. वळणात शरीर सावरायचं ते त्या पायानं, स्टिअरिंगला लोंबकळून नव्हे. पहिल्या दिवशी मला हे अवघडल्यासारखं वाटलं. आता रोज ऑफिसला जातानाही मी असाच बसतो, आणि पाठदुखीही कमी झाली आहे.

पहिलं सेशन वेगासाठी नसतं. प्रशिक्षक शेजारी बसणार असेल तर पैसे देऊन तो घ्या. चांगल्या टायरपेक्षा आणि महागड्या एक्झॉस्टपेक्षा तो खर्च जास्त उपयोगी पडतो. शक्य असेल तर आधी त्याला गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसा. तो पाय कधी हलवतो आणि नजर कुठे असते एवढंच बघा. पायी सर्किट फिरायची परवानगी मिळाली तर सोडू नका. गाडीतून सपाट दिसणारं वळण पायी फिरताना एका बाजूला उतरतं असतं, डांबर कुठे नवं आहे, कडेच्या लाल-पांढऱ्या कर्बची उंची किती आहे, हे सगळं चालतानाच दिसतं.

नजर हा विषय मला सगळ्यात अवघड गेला, आणि त्यातूनच सगळ्यात जास्त मिळालं. रस्त्यावर आपण समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत चालवतो. सर्किटवर गाडी जिथे आहे तिथे बघून काही उपयोग नाही. जिथे जायचं आहे तिथे बघायचं. ब्रेक दाबण्याची जागा दिसली की नजर वळणाच्या आतल्या बिंदूकडे, गाडी त्या बिंदूकडे निघाली की नजर वळणाच्या शेवटाकडे. हात नजरेच्या मागे आपोआप जातात. कडेच्या टायरांच्या भिंतीकडे बघत राहिलं तर गाडी तिकडेच ओढली जाते. सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रशिक्षक मला फक्त एकच गोष्ट सांगत होते, मान वळवा, पुढे बघा. संध्याकाळी हातांपेक्षा डोळे जास्त थकलेले होते. नजर लांब गेली की गंमत अशी होते की त्याच वेगात सगळं सावकाश घडतंय असं वाटू लागतं. घाबरणं कमी करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

त्यानंतर ब्रेक. रस्त्यावर आपण ब्रेक हळू सुरू करतो आणि शेवटी जोर लावतो. सर्किटवर अगदी उलट. पहिल्याच क्षणी पूर्ण जोर, मग वेग उतरेल तसा पाय हलका. गाडी सरळ रेषेत असते तेव्हाच टायर सगळ्यात जास्त ब्रेक पेलू शकतो. पुढे गाडी हळू झाली, वळण जवळ आलं, की जोर कमी करायचा. झटका देऊन नाही, पण ठामपणे दाबायचं. शरीर बेल्टवर येतं, नाक खाली जातं, आणि मन म्हणतं बस झालं. प्रशिक्षक शेजारून म्हणतात, अजून. गाडी इतकी थांबू शकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि अनेक वर्षं गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना ते कधीच कळत नाही. २०१९ च्या एप्रिलपासून भारतात नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं तंत्र) सक्तीचं आहे. पायाखाली थरथर आणि कटकट असा आवाज आला म्हणजे ते काम करतंय. अशा वेळी पाय काढायचा नाही, दाबून धरायचा. एबीएस आणि गाडी सावरणारी इतर इलेक्ट्रॉनिक व्यवस्था चालूच ठेवा. शिकताना ती बंद करण्यात काही शौर्य नाही.

थोडं गणितही समजून घ्या. कोरड्या, चांगल्या डांबरावर ताशी ५० ला पूर्ण ब्रेक मारला तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० ला २४ मीटर नव्हे, सुमारे ४८ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. शिवाय ब्रेककडे पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तर १०० च्या वेगात आणखी २८ मीटर आधीच गेलेले असतात. हा हिशेब द्रुतगती मार्गावरही तोच आहे. सर्किटवर तो अंगावर अनुभवला की रस्त्यावर समोरच्या गाडीपासून अंतर ठेवायला कुणी सांगावं लागत नाही.

सुरुवातीला ब्रेक सरळ रेषेतच संपवा, मग स्टिअरिंग वळवा. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो आणि त्याची पकड ठरावीक असते. तीच पकड ब्रेकला वापरायची किंवा वळायला. दोन्हीकडे पूर्ण मागितली तर मिळत नाही. अनुभवी लोक वळणात शिरताना ब्रेक थोडा थोडा सोडत जातात, तो पुढचा धडा. वळणात मधेच घाबरून पाय काढला तर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट फिरू लागतं. म्हणून वळणाआधीच वेग एवढा उतरवा की आत गेल्यावर हलका ॲक्सिलरेटर देता येईल.

वळण घ्यायची रेषा तोंडी सांगायला सोपी आहे. बाहेरच्या कडेनं शिरा, आतल्या कडेला स्पर्श करा, बाहेरच्या कडेला सोडा. असं केल्यानं वळण मोठं होतं, आणि वळणाची त्रिज्या दुप्पट झाली तर त्याच टायरवर सुमारे ४० टक्के जास्त वेग पेलतो. नवख्यांनी आतल्या कडेला थोडं उशिरा यावं. लवकर आत आलात तर शेवटी रस्ता संपतो. उशिरा आलात तर समोर जागा मोकळी असते. ज्या वळणानंतर लांब सरळ पट्टा येतो ते वळण सगळ्यात महत्त्वाचं. तिथे शिरताना संयम ठेवला तर बाहेर पडतानाचा वेग पूर्ण सरळ पट्टाभर सोबत राहतो. सगळ्या वळणांमागे एकदम लागू नका, एका सेशनमध्ये एकच वळण सुधारा. उजव्या पायाच्या पंजाची आणि टाचेची कसरत करून गिअर उतरवण्याचे व्हिडिओ बरेच जण पाहून येतात. पहिल्या दिवशी ते विसरा. ब्रेक झाल्यावर शांतपणे एक गिअर खाली घ्या. फार वेगात असताना चुकून दोन गिअर खाली टाकले गेले तर इंजिनाचा चुराडा होतो.

झेंडे पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आहे, तिला जाऊ द्या. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक ऑइल सांडलंय. काळ्यावर केशरी गोल तुमच्यासाठी दाखवला तर तुमच्या गाडीत काहीतरी बिघाड दिसलाय. लगेच आत या. चौकटींचा झेंडा दिसला की शेवटची फेरी हळू मारा, ब्रेक कमीत कमी वापरा, गाडीला निवू द्या. पिटमध्ये उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा, नाहीतर तापलेले पॅड डिस्कला चिकटतात.

ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्यानं हातानं बाजू दाखवल्यावरच. बऱ्याच ट्रॅक डेला हाच नियम असतो. तुमच्या मागे कुणी आला तर पुढच्या सरळ पट्ट्यावर बाजू दाखवा आणि पाय थोडा हलका करा. यात मान जात नाही. आपल्याकडे घाटात मागच्याला वाट न देणं हा अभिमानाचा विषय होतो. सर्किटवर तो अडाणीपणा समजला जातो. मला हा शिष्टाचार फार आवडला.

गाडी घसरली तर काय? पुढची चाकं घसरली, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जातेय, तर आणखी वळवू नका. ॲक्सिलरेटर हलका करा, पकड परत येते. मागची बाजू फिरली आणि सावरत नाही असं वाटलं तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा. गाडी गवतावर गेली तर स्टिअरिंग झटक्यानं रस्त्याकडे ओढू नका. सरळ ठेवून वेग उतरवा, मग मागे बघून, मार्शलचा इशारा घेऊन परत या. आणि पिटमध्ये येऊन गाडीखाली माती, गवत अडकलंय का ते बघा.

सेशन १५-२० मिनिटांचं असतं, पण उन्हात हेल्मेट घालून, बहुतेक वेळा एसी बंद ठेवून ते पुरेसं दमवतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. पाणी घोट घोट पीत राहा, भरपेट जेवू नका. एक सेशन कमी केलं तरी चालेल. थकलेल्या माणसाकडून दिवसाच्या शेवटच्या फेऱ्यांत चुका होतात हे प्रत्येक सर्किटवरचे मार्शल सांगतील.

विम्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. आपल्या नेहमीच्या खासगी कारच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. सर्किटवर गाडीचं नुकसान झालं तर खर्च तुमचा. आयोजक जो फॉर्म सही करायला देतात त्यात जबाबदारी तुमची असं लिहिलेलं असतं. वाचूनच सही करा. गाडी हप्त्यावर असेल आणि ठोकली तर दुरुस्त करायची ऐपत नसेल, तर स्कूलच्या गाडीवर किंवा कार्टवर शिका. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण शिकणं तितकंच होतं. पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तर देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना लागतो. त्याची माहिती आयोजकांकडे मिळते.

शेवटचा भाग परतीचा. दिवसभर वेगात राहिल्यावर डोळ्यांना वेगाची सवय होते, आणि रस्त्यावर ८० म्हणजे ४० वाटतात. सर्किटवरून लगेच निघू नका. तासभर बसा, चहा घ्या, पाणी प्या. टायरची हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणा, चाकांचे नट तपासा, ब्रेक पॅड किती उरलेत ते बघा, पॅडल मऊ लागतंय का ते जागेवर दाबून पाहा. मऊ लागलं तर घाट उतरायचा नाही, गाडी ट्रकवर टाकून आणायची. सोबत कुणी असेल तर घाट त्याला उतरू द्या, आणि त्यालाही सांगा, उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा, तापलेल्या ब्रेकवर भार नको. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि घाटात त्याहून बरीच कमी. दिवसभर सर्किटवर काहीही केलेलं असो, घरी येताना तीच पाळायची.